आळशी डोळा शोधायचा तर आधी चांगला डोळा नीट झाका

प्रश्न थोडक्यात असा आहे: बालवाडीत तीन ते पाच वर्षांची साठेक मुलं आहेत. त्यांची डोळे तपासणी ठेवायची आहे. दोन दिवसांसाठी फोटो काढून तपासणारा स्क्रीनिंग कॅमेरा मिळतो आहे. तो वापरावा की भिंतीवरचा तक्ता? कोणत्या मुलाला पुढे डॉक्टरांकडे पाठवायचं? आणि किती नंबरला आळशी डोळ्याचा धोका धरायचा?

आधी उत्तर सांगतो. जे मूल बसतं, ऐकतं आणि बोट दाखवून ओळखतं, त्याला तक्ता. जे बसत नाही त्याला कॅमेरा. वेळ आणि माणसं असतील तर दोन्ही. काहीही निवडा, तक्त्यासमोर एका वेळी एकच डोळा उघडा राहिला पाहिजे. बालवाड्यांतल्या तपासण्या सर्वांत जास्त फसतात त्या इथेच.

कारण असं, की आळशी डोळा बाहेरून अगदी निकोप दिसतो. बुबुळ स्वच्छ, पडदा ठीक. पण लहानपणी त्या डोळ्याकडून मेंदूला स्पष्ट चित्र मिळालेलं नसतं, त्यामुळे त्या डोळ्यापुरता मेंदू बघायला शिकलेलाच नसतो. ह्यूबेल आणि वीझेल या मेंदूशास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांची एका डोळ्याची पापणी काही आठवडे बंद ठेवून मेंदूत काय बदल होतात ते दाखवलं. त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. मुलांत तेच घडतं, फक्त पापणी मिटलेली नसते. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असतो, डोळा तिरळा असतो, दोन्ही डोळ्यांना मोठा प्लस (स्पष्ट बघायला डोळ्याला सतत ताण द्यायला लावणारा) किंवा सिलिंडर (एका दिशेच्या रेघा धूसर करणारा) नंबर असतो, नाही तर मोतीबिंदू किंवा खाली आलेली पापणी वाट अडवते. आणि मूल तक्रार करत नाही. चांगला डोळा सगळं काम करतो, मूल धावतं, रंगवतं, जमिनीवरची मुंगीही शोधून काढतं. म्हणून ‘आमच्या मुलाला सगळं दिसतं’ हे पालकांचं म्हणणं खरं असलं तरी त्यातून एका डोळ्याबद्दल काहीच कळत नाही.

शंभर मुलांत साधारण एक ते चार मुलांचा डोळा आळशी असतो. म्हणजे तुमच्या साठात एक-दोन मुलं असतील, आणि धोका असलेली आणखी काही. साठातली वीस मुलं नापास झाली तर पद्धतीत गडबड आहे असं समजा. एकही सापडलं नाही तर मुलं डोळ्यावरच्या पट्टीच्या कडेने बघत नव्हती ना, याची शंका घ्या.

आता तक्ता. छत्री, घोडा, मोटार अशा चित्रांचे तक्ते बाजारात मिळतात, ते घेऊ नका. त्यातलं एक चित्र नुसत्या आकाराच्या धूसर अंदाजावर ओळखू येतं आणि दुसरं येत नाही, त्यामुळे ओळीला अर्थ राहत नाही. फिरत्या ‘ई’चा तक्ताही तीन-चार वर्षांच्या मुलाला नको. नजर चांगली असूनही त्याला डावं-उजवं सांगता येत नाही. ‘ली’ चिन्हांचा तक्ता घ्या, ज्यात गोल, चौकोन, घर आणि सफरचंद अशा चारच आकृत्या असतात. नाही तर एच, ओ, टी, व्ही या चार अक्षरांचा घ्या. दोन्हींबरोबर मांडीवर ठेवायचं जुळणी कार्ड मिळतं. मुलाला अक्षर यायची गरज नाही, समोर जे दिसतं तेच कार्डावर बोटाने दाखवायचं. मूल सफरचंदाला ‘बदाम’ म्हणेल, चौकोनाला ‘खिडकी’ म्हणेल, चालेल. प्रत्येक वेळी तोच शब्द आला म्हणजे झालं.

ओळीतली चिन्हं एकमेकांजवळ असली पाहिजेत, किंवा एकेकटं चिन्ह असेल तर त्याच्या चारही बाजूंना रेघांची चौकट हवी. हे दिसायला बारीक आहे, पण तपासणी इथे उलटू शकते. आळशी डोळ्याला गर्दीतलं अक्षर वेगळं काढता येत नाही, सुटं अक्षर मात्र बऱ्यापैकी वाचता येतं. म्हणून ओळीतली बाकीची चिन्हं कागदाने झाकून एकेक दाखवणं ही चूक आहे. मदत करायच्या भरात शिक्षिका हमखास हेच करतात आणि आळशी डोळा पास होऊन जातो. चिन्हाच्या खाली क्षणभर फूटपट्टी टेकवून दाखवा आणि लगेच बाजूला घ्या.

तक्ता किती अंतरासाठी छापला आहे ते त्याच्या तळाशी लिहिलेलं असतं. लहान मुलांसाठी ३ मीटर किंवा १.५ मीटरचा असतो. नजर ६/१२ म्हणजे निकोप डोळ्याला १२ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं; खालचा आकडा मोठा तेवढी नजर कमी. सहा मीटरचा तक्ता तीन मीटरवर टांगला तर ६/१२ ची ओळ वाचणाऱ्या मुलाची खरी नजर ६/२४ असू शकते आणि आपण त्याला पास लिहून मोकळे होतो. फोनवर आलेली पीडीएफ छापून वापरायचा मोह टाळा, प्रिंटर पानात बसवण्यासाठी चिन्हं लहान करतो. छापलीच असेल तर फूटपट्टी लावा: अक्षरांच्या तक्त्यात ३ मीटरच्या अंतरासाठी ६/१२ च्या अक्षराची उंची ८.७ मिलिमीटर हवी आणि ६/६ च्या अक्षराची ४.४. हे माप फक्त अक्षरांना लावायचं, चित्रचिन्हांना नाही.

अंतर मुलाच्या डोळ्यापासून मोजायचं. खुर्चीच्या पुढच्या पायापासून मोजलं तर गडबड होते. जमिनीवर रंगीत चिकटपट्टी मारा आणि खुर्चीचे मागचे पाय तिच्यावर ठेवा, पाठ टेकून बसलेल्या मुलाचे डोळे साधारण तिथेच येतात. दीड मीटरवर मूल वीतभर पुढे झुकलं की अंतर दहा टक्क्यांहून जास्त कमी होतं, त्यामुळे १.५ मीटरचा तक्ता असेल तर पाठ टेकलेली आहे ना हे सतत बघत राहावं लागतं. तक्त्यामागे खिडकी नको. तक्त्यावर सारखा उजेड हवा आणि मुलाच्या समोर येणारं-जाणारं कोणी नको. शेजारी रांगेत उभी असलेली मुलं उत्तरं ओरडतात, म्हणून रांग दाराबाहेर ठेवा.

डोळा झाकण्याबद्दल जरा सविस्तर. हाताने, चमच्यासारख्या झाकणाने किंवा रुमालाने झाकू नका. मूल मान अर्ध्या बोटाने वळवतं आणि नाकाच्या बाजूने बघतं. ते फसवत नसतं, त्याला स्पष्ट बघायचं असतं, इतकंच. औषधांच्या दुकानात मिळणारी पाच सेंटिमीटर रुंदीची कागदी चिकटपट्टी, म्हणजे मायक्रोपोर, किंवा तयार डोळ्याचे चिकट पॅच घ्या. पट्टी वापरत असाल तर सात-आठ सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि मधोमध गॉजचा छोटा चौकोन लावा, म्हणजे पापण्यांचे केस चिकटणार नाहीत. मुलाला डोळे मिटायला सांगा. पट्टी भुवईच्या वरून गालापर्यंत तिरकी बसवा आणि नाकाकडची कड बोटाने दाबून घ्या. फट पडते ती बहुतेक तिथेच. काढताना एका हाताने गालाची कातडी धरा आणि पट्टी नाकाकडून कानाकडे सावकाश सोडवा. झटकन ओढली की पुढची दहा मुलं घाबरतात. आधी बाहुलीला आणि बाईंना पट्टी लावून दाखवली तर रडणं बरंच कमी होतं. प्रत्येक मुलाला नवी पट्टी. पावसाळ्यात डोळे येण्याची साथ असेल तर तपासणी पुढे ढकला.

क्रम असा ठेवा. आधी दोन्ही डोळे उघडे ठेवून जवळून, साधारण एक मीटरवरून, चारही चिन्हं ओळखता येतात का ते बघा. इथे न जमणाऱ्या मुलाचा प्रश्न बहुतेक वेळा समजण्याचा असतो, नजरेचा नसतो. मग चिकटपट्टीच्या खुणेवर बसवून डावा डोळा झाका, उजवा तपासा. नंतर उलट. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी चिन्हांचा क्रम बदला, चार वर्षांची मुलं ओळ पाठ करतात. तपासणारा तक्त्याजवळ उभा राहतो. दुसऱ्या माणसाने मुलाशेजारी बसून फक्त पट्टीकडे बघायचं. एका मुलाला पाच मिनिटं धरा, खाऊ खाऊन झाल्यावरची वेळ घ्या. साठ मुलं एका सकाळी उरकायचा हट्ट धरू नका.

पाचापैकी तीन चिन्हं बरोबर आली की ओळ पास. तीन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाने प्रत्येक डोळ्याने ६/१५ ची ओळ, चार वर्षांच्या मुलाने ६/१२ ची आणि पाच वर्षांच्या मुलाने ६/९ ची ओळ वाचली पाहिजे. वय जन्मतारखेवरून काढा. शिवाय दोन डोळ्यांत दोन ओळींचा किंवा जास्त फरक असेल तर पुढे पाठवायचं. ठरलेल्या ओळीवर थांबायची सोपी पद्धत बरेच जण वापरतात, पण तिच्यात हा फरक हरवतो. समजा चार वर्षांचं मूल उजव्या डोळ्याने ६/६ वाचू शकतं आणि डाव्याने फक्त ६/१२. ६/१२ वर थांबलात तर दोन्ही डोळे पास. मूल रमलेलं असेल तर प्रत्येक डोळ्याने ते अडेपर्यंत खाली उतरत जा. एका मुलामागे दीड मिनिट जास्त लागेल, ते द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

एका डोळ्यावर पट्टी लावताच मूल रडतं, पट्टी ओढतं, आणि दुसऱ्या डोळ्यावर लावली तर शांत बसतं, याची नोंद जरूर करा. चांगला डोळा झाकला गेल्यामुळे तसं होत असू शकतं. दोन्ही बाजूंना रडणाऱ्या मुलाबद्दल मात्र यातून काही सांगता येत नाही.

ज्या मुलाची तपासणी झालीच नाही, त्याला कोऱ्या रकान्यात सोडू नका. अमेरिकेतल्या बालवाडीच्या वयाच्या मुलांवरच्या मोठ्या अभ्यासात दिसलं, की तपासणी पूर्ण न करू शकलेल्या मुलांत डोळ्यांचे दोष पास झालेल्यांच्या निदान दुप्पट होते. त्याच दिवशी थोड्या वेळाने पुन्हा बघा, मग कॅमेऱ्यासमोर न्या. तरीही जमलं नाही आणि मूल चार वर्षांचं असेल, तर महिन्याभरात पुन्हा बघा, नाही तर सरळ डॉक्टरांकडे पाठवा.

आता कॅमेरा. स्पॉट, प्लसऑप्टिक्स यांसारखी यंत्रं साधारण एक मीटरवरून दोन्ही डोळ्यांत एकाच वेळी इन्फ्रारेड प्रकाश टाकतात आणि डोळ्याच्या बाहुलीतून परत येणाऱ्या उजेडावरून नंबरचा अंदाज करतात, डोळे सरळ आहेत का तेही बघतात. मुलाला किती दिसतं हे यंत्र मोजत नाही, धोका मोजतं. त्यामुळे यंत्रावर पास झालेल्या मुलाची नजर चांगलीच आहे असं लिहून देऊ नका. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र याहून सोयीचं साधन नाही.

यंत्र अडतं ते बहुतेक उजेडामुळे. बाहुली लहान झाली की वाचन मिळत नाही. स्पॉटला निदान चार मिलिमीटरची बाहुली लागते. खोली अंधुक करा, मूल त्या खोलीत दोन-तीन मिनिटं आधीच बसू द्या, आणि उन्हाची तिरीप किंवा पिवळा जुना बल्ब समोर नको, कारण त्यांतही इन्फ्रारेड असतो. जन्मतारीख अंदाजाने टाकू नका. यंत्र वयानुसार निकष बदलतं, ‘चार वर्षं’ टाकलेलं मूल प्रत्यक्षात साडेतीनचं असेल तर निकाल बदलू शकतो.

किती नंबरला धोका? अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सुधारलेले निकष असे आहेत: कोणत्याही वयात प्लस नंबर ४ पेक्षा जास्त किंवा दोन डोळ्यांतला फरक १.२५ पेक्षा जास्त. चार वर्षांखाली मायनस ३ पेक्षा जास्त किंवा सिलिंडर ३ पेक्षा जास्त. चार वर्षांनंतर मायनस २ पेक्षा जास्त किंवा सिलिंडर १.७५ पेक्षा जास्त. हे आकडे डोळ्यांत औषध घालून डॉक्टरांनी काढलेल्या नंबरचे आहेत, यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यांना जसेच्या तसे लावू नका. मूल यंत्राकडे बघताना डोळ्यातलं भिंग ताणतं आणि प्लस नंबर लपवतं. पण दोन्ही डोळे ताण सारखाच देतात, म्हणून दोघांतला फरक बऱ्याच अंशी तसाच उघडा राहतो. यंत्राच्या कागदावर फरक दिसला तर तो गांभीर्याने घ्या.

प्लसमधला फरक जास्त घातक का, तेही यातूनच कळतं. उजव्याला +१ आणि डाव्याला +४ असेल तर डोळे उजव्याला पुरेल एवढाच ताण देतात. डावा जवळही धूसर आणि लांबही धूसर राहतो, त्याला स्पष्ट चित्र कधीच मिळत नाही. −३ चा डोळा निदान जवळचं तरी नीट बघतो.

एक गोष्ट पालकांना ठामपणे सांगा: कॅमेऱ्याच्या कागदावरून किंवा दुकानातल्या संगणकी तपासणीवरून चष्मा करू नका. औषध न घालता लहान मुलाचा नंबर काढला तर प्लसचं मूल मायनसचं दिसू शकतं, आणि तसा चष्मा लागला तर आधीच ताण देणाऱ्या डोळ्यांवर आणखी ताण येतो.

तक्ता आणि कॅमेरा दोन्हींच्या आधी मुलाकडे नुसतं नीट बघा. ३३ सेंटिमीटरवर छोटी विजेरी धरली की तिचा ठिपका दोन्ही बुबुळांवर सारख्याच जागी दिसला पाहिजे. एकीकडे मधोमध आणि दुसरीकडे बाजूला सरकलेला दिसला तर तिरळेपणा. नाक पसरट असलेल्या किंवा डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर कातडीची घडी असलेल्या मुलाचे डोळे तिरळे भासतात, पण ठिपके सारखे असतात. शंका असेल तर ठरवायचं काम डॉक्टरांवर सोडा. थोडा तिरळेपणा ‘लकी’ असतो, मोठेपणी आपोआप जातो, असं घरात म्हणतात. चार महिन्यांच्या वयानंतर दिसणारा कोणताही तिरळेपणा दाखवायलाच हवा. मान सतत एकीकडे कललेली, डोळे थरथरणारे, पापणी बाहुलीवर आलेली, ही मुलं तपासणीच्या निकालाची वाट न बघता पाठवायची. बत्तीस आठवड्यांच्या आत जन्मलेली, वाढीत मागे असलेली, किंवा आई-वडील-भावंडांत लहानपणी तिरळेपणा, आळशी डोळा वा मोतीबिंदू झालेला असलेली मुलंही थेट डॉक्टरांकडे.

आणि बाहुलीत पांढरी चमक दिसली, किंवा पालक म्हणाले की फ्लॅशच्या फोटोत एक डोळा पांढरा येतो, तर एक-दोन दिवसांत नेत्रतज्ज्ञांनी बघितलंच पाहिजे. मोतीबिंदू असू शकतो, आणि डोळ्याच्या पडद्याचा कर्करोगही. तो जिवावर बेततो आणि लवकर सापडला तर बरा होतो. इथे चिठ्ठी पाठवून थांबू नका, पालकांना समोर बसवून फोन लावा.

पाठवलेल्या मुलाचं पुढे काय होतं हे शिक्षिकांना माहीत असलं तर पालक मागे फिरत नाहीत. डॉक्टर डोळे शिथिल करणारं औषध घालून नंबर काढतात. बरेच जण लहान मुलांना त्यासाठी अॅट्रोपिनचं मलम दोन-तीन दिवस घरी लावायला देतात. त्याने ताप, लाल चेहरा, तोंडाला कोरड असं काही झालं तर मलम थांबवून डॉक्टरांना विचारायचं. बाहुली आठवडा ते दोन आठवडे मोठी राहते, उजेड खुपतो, जवळचं धूसर दिसतं, त्या काळात वर्गात रंगकामाला त्रास होईल हे बाईंना कळवावं. उपचारात आधी चष्मा, दिवसभर. नुसत्या चष्म्यानेच काही मुलांची नजर पूर्ण सुधारते, त्याला काही आठवडे ते महिने लागतात. मग लागली तर चांगल्या डोळ्यावर पट्टी. पेडिग या संशोधकगटाच्या २००३ च्या चाचण्यांत सात वर्षांखालच्या मुलांत मध्यम आळशीपणासाठी रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच उपयोगी ठरली. तीव्र आळशीपणासाठी सहा तास पुरले, दिवसभर बांधायची गरज पडली नाही. पट्टी कातडीवर चिकटवायची, चष्म्याच्या काचेवर लावली तर मूल वरून बघतं. घरी चुकून आळशी डोळ्यावरच पट्टी लावली जाते असंही होतं, म्हणून डॉक्टरांच्या कागदावर कोणता डोळा झाकायचा ते मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून घ्या.

अंगणवाडी असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरपासूनच सुरू झाला. तुमच्या नापास मुलांची यादी पथकाच्या डॉक्टरांना द्या, तिथून मूल जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात आणि नेत्रतज्ज्ञांकडे जाऊ शकतं. खाजगी बालवाड्यांत हे पथक येत नाही, तिथली मुलं कोणाच्याच यादीत नसतात. तिथे जवळच्या नेत्ररुग्णालयाशी आधी बोलून ठेवा: तीन वर्षांच्या मुलांना औषध घालून तपासतात का, कोणत्या वारी, खर्च किती. हे ठरल्याशिवाय तपासणीची तारीख काढू नका.

वहीत प्रत्येक मुलासमोर जन्मतारीख, तपासणीची तारीख, उजव्या आणि डाव्या डोळ्याची वेगवेगळी ओळ, कोणता तक्ता, किती अंतर, आणि ‘पास’, ‘पाठवलं’, ‘झाली नाही’ यांपैकी एक शेरा लिहा. ‘पाठवलं’च्या पुढे आणखी एक रकाना आखा, डॉक्टरांकडे गेल्याची तारीख. दोन आठवड्यांनी ज्यांचा तो रकाना कोरा आहे त्यांच्या घरी फोन करा. आई कामावर असेल तर आजीला फोन करा, मुलाला घेऊन बहुधा तीच जाणार असते. पास झालेल्या तीन वर्षांच्या मुलांची नावं पुढच्या वर्षीच्या वहीत आताच उतरवून ठेवा. ६/१५ ला पास झालेलं मूल पुढच्या वर्षी ६/१२ ला अडू शकतं.